छोटा रोबो, मोठा डबा: केर काढणारं यंत्र स्वतः आखताना

सोफ्याखाली शिरेल इतका बुटका, खुर्चीच्या पायांमधून निघेल इतका अरुंद आणि तरी तीन-चार दिवस डबा रिकामा करावा लागू नये असा रोबो व्हॅक्यूम हवा, असं म्हणणं सोपं आहे. बाजारात मात्र यंत्र लहान झालं की पहिला बळी डब्याचाच जातो. स्विचबॉटचा के१०प्लस हा २४.८ सेंटिमीटर व्यासाचा रोबो घ्या. त्याच्या पोटातला डबा आहे १५० मिलिलिटरचा, म्हणजे चहाच्या एका कपाएवढा. कंपनीने त्यावर तोडगा काढला तो चार्जिंगच्या ठाण्यात. रोबो परत आला की ठाणं त्याच्या पोटातला कचरा ओढून ४ लिटरच्या पिशवीत भरतं. ही कल्पना २०१८ मध्ये आयरोबॉट कंपनीच्या रूम्बा आय७प्लस या रोबोने लोकप्रिय केली आणि ती चांगली चालते. पण ठाण्याला कोपरा लागतो, पिशव्या विकत घ्याव्या लागतात आणि डबा उपसताना जो आवाज होतो तो दुपारी झोपलेल्या बाळाला उठवायला पुरेसा असतो. वन बीएचकेत राहणाऱ्याला हा सौदा परवडेलच असं नाही.

म्हणून हा लेख दुसऱ्या वाटेचा: डबा यंत्रातच मोठा करायचा. थोडंफार थ्रीडी डिझाइन येत असेल, सोल्डरिंग करता येत असेल आणि प्रिंटर वापरायला मिळत असेल, तर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही हे करू शकेल. लक्ष्य असं धरू: व्यास २८ सेंटिमीटर, उंची ९ सेंटिमीटर, डबा ६०० मिलिलिटरच्या वर.

एकच नियम शेवटपर्यंत पाळायचा: कागदावर पहिली रेघ डब्याची. बहुतेक नवशिके चाकं, मोटर, बॅटरी, बोर्ड मांडतात आणि मग उरलेल्या भोकात डबा बसवतात. तसं केलं की डबा तीनशे मिलिलिटरच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्यातलाही निम्मा कोपऱ्यांत वाया जातो.

पायरी १: आधी घर मोजा

आठवडाभर घर झाडून निघालेला केर रोज एका पारदर्शक बरणीत टाका आणि रात्री किती मिलिलिटर झाला ते लिहून ठेवा. वजनावर जाऊ नका. वजन फसवतं, कारण मूठभर वाळू जड असते पण जागा घेत नाही, आणि केस-धाग्यांचा गोळा काहीच वजन नसताना अर्धी बरणी भरतो. डबा भरतो तो आकारमानाने.

आपल्या घरांतला केर तीन तऱ्हेचा असतो. पहिला बारीक, पिठासारखा: रस्त्याची धूळ, उदबत्तीची राख, सांडलेलं पीठ, देवघरापुढची रांगोळी. हा डब्यात जागा घेत नाही, पण फिल्टर बुजवतो. दुसरा लांब आणि मऊ: केस, चादरीचे धागे, कपाटाखालचे लोकरीसारखे पुंजके. डबा भरतो तो यानेच. तिसरा टपोरा: तांदळाचे दाणे, कोथिंबिरीच्या काड्या, शेंगदाण्याची टरफलं, चपलेबरोबर आलेले खडे. हा तोंडातच अडकतो. कुठला प्रकार तुमच्याकडे जास्त आहे त्यावरून पुढे तोंडाची रुंदी आणि फिल्टरचं क्षेत्रफळ ठरेल. घरात मांजर असेल तर दुसऱ्या प्रकाराचा अंदाज आताच दुप्पट धरा.

मग पट्टी घेऊन खाली वाका. दिवाण, सोफा, लोखंडी कपाट, टीव्हीचं टेबल, सगळ्यांच्या खालची मोकळी उंची टिपून घ्या. ९ सेंटिमीटरचं यंत्र शिरायला १० तरी हवेत. खोल्यांमधले उंबरठेही मोजा. बाथरूम आणि गॅलरीचे सोडून द्या, तिथे त्याने जाऊच नये.

पायरी २: जागेचा हिशोब

२८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस सेंटिमीटर. त्याला ९ने गुणलं की ५.५ लिटरचं पिंप झालं. यातलं काय काय आधीच गेलेलं आहे ते बघा. यंत्राचं पोट जमिनीपासून ११ मिलिमीटर वर हवं, शिवाय वर-खाली अडीच-अडीच मिलिमीटरचे पत्रे. इथेच जवळजवळ ९८० मिलिलिटर संपले. चाकांचे दोन संच, मोटर-गिअर-स्प्रिंगसकट, मिळून ६००. मुख्य ब्रश आणि त्याची खोली, १७ सेंटिमीटर रुंद धरली तर आणखी ६००. ओढीचा ब्लोअर, म्हणजे हवा खेचणारा पंखा, ३२०. पुढचा बंपर आणि त्याला दबायला लागणारी फट ३२०. चार १८६५० सेलची (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल) बॅटरी वेष्टनासकट १२०. बोर्ड, बाजूचा ब्रश, पुढचं फिरतं चाक आणि मुख्य ब्रशची मोटर यांना मिळून ३७०.

बेरीज ३.३ लिटर. उरले सव्वादोन लिटर.

आकडा बघून खूश होऊ नका, हे सव्वादोन लिटर एका जागी नसतात; बोटभर-बोटभर सगळीकडे विखुरलेले असतात. आराखड्याचं खरं काम त्यांना एका ठिकाणी गोळा करण्याचं आहे. तुलनेसाठी: २०१६ साली आलेल्या शाओमीच्या पहिल्या रोबोचा व्यास साडेचौतीस सेंटिमीटर, उंची साडेनऊच्या आसपास आणि डबा ४२० मिलिलिटर. वरची लिडारची (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरची) टोपी धरून एकूण आकारमान ९ लिटरच्या घरात जातं, म्हणजे डब्याच्या वाट्याला ५ टक्केही आले नाहीत. आपल्याला ११-१२ टक्के हवेत. जमतात, पण आपण काही गोष्टी सोडून देतो म्हणून जमतात. आपल्या यंत्रात पाण्याची टाकी नाही आणि फरशी पुसायचं फडकं नाही. पुसणं हवंच असेल तर त्यासाठी वेगळं यंत्र करा. एकाच पोटात दोन्ही कोंबलं की दोन्ही अर्धवट होतात, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ३: आकार

गोल आकाराचा फायदा एकच, पण तो फार मोठा: चाकांचा आस बरोबर व्यासावर असला तर यंत्र जागच्या जागी वळतं आणि वळताना कशालाही धडकत नाही. अडकलं तरी मागे फिरून सुटतं. प्रोग्रॅम लिहिताना हा आकार किती डोकेदुखी वाचवतो ते दुसरा आकार करून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरे आकार काही कमी हुशार नाहीत. नीटो कंपनीचे रोबो पुढून सपाट आणि मागून गोल होते. पुढे रुंद ब्रश, कोपऱ्यातला केर चांगला निघायचा आणि डबाही ऐसपैस. २०१५ मध्ये जपानात आलेला पॅनासॉनिकचा रुलो फुगीर बाजूंच्या त्रिकोणाचा आहे. कुठल्याही बाजूने मोजा, रुंदी तेवढीच. डायसनने ३६० आयमध्ये उलटं केलं: व्यास फक्त २३ सेंटिमीटर, उंची मात्र १२. त्यामुळे ३३० मिलिलिटरचा डबा आणि चक्रीवादळासारखी हवा फिरवून धूळ वेगळी करणारी यंत्रणा एवढ्याशा घेरात बसली. किंमत अशी की ते बऱ्याच फर्निचरखाली जात नाही.

आपल्या २८ सेंटिमीटरच्या यंत्राचा पुढचा अर्धा भाग चौकोनी केला तर ८४ चौरस सेंटिमीटर जागा वाढते, म्हणजे आत जवळपास ६०० मिलिलिटर. मोह होतो खरा. पण मग पुढचे कोपरे केंद्रापासून १४ ऐवजी १९.८ सेंटिमीटरवर जातात आणि वळायला जवळजवळ ४० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. जेवणाच्या टेबलाखाली खुर्च्यांच्या जंगलात ती मिळत नाही. पहिलं यंत्र गोलच करा.

पायरी ४: मांडणी

इथे वेळ घाला, घाई करू नका. सगळा लेख या पायरीसाठी आहे म्हटलं तरी चालेल.

पुठ्ठ्याचं २८ सेंटिमीटरचं वर्तुळ कापा. मधोमध आडवी रेघ मारा, तो चाकांचा आस. दोन्ही टोकांना चाकांचे संच ठेवा. प्रत्येकी दहा सेंटिमीटर लांब आणि साडेचार रुंद, म्हणजे आसाच्या पुढे पाच आणि मागे पाच. दोन चाकांच्या मध्ये १७ सेंटिमीटर उरतात, तिथे मुख्य ब्रश, बरोबर आसावर.

आता मागच्या बाजूला बघा. आसापासून पाच सेंटिमीटर मागे एक रेघ मारली की तिच्या मागे धनुष्याच्या आकाराचा तुकडा राहतो. आतली त्रिज्या १३ सेंटिमीटर धरली तर त्याचं क्षेत्रफळ १३९ चौरस सेंटिमीटर. आतली उंची साडेसहा मिळाली तर ढोबळ ९०० मिलिलिटर. हा सगळा तुकडा डब्याला देऊन टाका. सगळा. ब्लोअरला त्यात कोपरा मागू देऊ नका, बॅटरीला नाही, चार्जिंगच्या पट्ट्यांनाही नाही.

जुन्या रूम्बांमध्ये ओढीचा पंखा त्याच्या मोटरसकट डब्यातच बसवलेला असायचा. जोडणी त्यामुळे सोपी होत होती, पण डब्याची जागा मोटर खात होती आणि डबा पाण्याखाली धुता येत नव्हता. ब्लोअर ३२० मिलिलिटर घेतो. तो मागे ठेवला तर आपला ९००चा डबा ५८०वर येतो. म्हणून ब्लोअर पुढे, बॅटरी पुढे, बोर्ड बॅटरीच्या वर पुढे. पुढचा भाग काठोकाठ भरतो, बसवताना शिव्या येतील, पण बसतं.

मग प्रश्न येतो: ब्लोअर पुढे आणि डबा मागे, तर हवा कशी जाणार? उत्तर असं की हवेच्या दोन वाटा असतात आणि दोघींचे स्वभाव वेगळे. ब्रशपासून डब्यापर्यंतची वाट मळकी. तिच्यातून केस, खडे, टरफलं जातात. ती आखूड, सरळ आणि गुळगुळीत हवी, प्रत्येक वळणावर केसांचा पुंजका अडकायला टपलेला असतो. फिल्टरनंतरची वाट स्वच्छ. तिच्यातून नुसती हवा जाते. ती लांब असली, दोनदा वळली, चपटी झाली तरी थोडा दाब वाया जाण्यापलीकडे काही बिघडत नाही. आपल्या मांडणीत ब्रश आणि डबा पाठीला पाठ लावून आहेत, म्हणून मळकी वाट दोन-तीन सेंटिमीटरची. स्वच्छ वाट मात्र ब्रशच्या खोलीच्या डोक्यावरून पुढे न्यायची. तिथे साधारण १४ मिलिमीटर उंची शिल्लक असते. १० सेंटिमीटर रुंद पट्टा घेतला तर १४ चौरस सेंटिमीटरचा बोगदा मिळतो. पुरतो.

आणखी दोन जागा वाचवता येतात. डब्याची मागची भिंत हीच यंत्राची बाहेरची भिंत करा. भिंतीत भिंत नको. त्यातून पन्नासेक मिलिलिटर सुटतात. आणि डबा वरून न काढता मागून सरकवून काढा. वरून काढायचा म्हटला की झाकण, बिजागरी आणि बोटं घालायची खाच यांत सेंटिमीटरभर उंची जाते, आणि १३९ चौरस सेंटिमीटरच्या तळाला एक सेंटिमीटर म्हणजे १३९ मिलिलिटर! आडव्या मापात झगडून मिळत नाही ते उभ्या मापात दोन मिलिमीटरनी मिळतं, हे लक्षात असू द्या.

भिंती, फिल्टर, झडप, पकडायची खाच वजा जाता निव्वळ ६५० मिलिलिटर राहतील.

तोल बघायला विसरू नका. डबा मागे, आधाराचं फिरतं चाक पुढे. डब्यात पाव किलो ओलसर माती साठली आणि यंत्र उंबरठा चढायला लागलं की ते मागे बसतं. बॅटरी जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकला आणि डब्याखाली मागे एक गुळगुळीत नायलॉनची घसरपट्टी ठेवा, जमिनीपासून तीन-चार मिलिमीटर वर.

पायरी ५: हवा

विक्रेते पास्कलचे, म्हणजे ओढीच्या दाबाचे, आकडे सांगतात. तो आकडा तोंड पूर्ण बंद करून, हवा वाहत नसताना मोजलेला असतो. केर उचलते ती वाहणारी हवा. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे उपयोगी शक्ती: १००० पास्कल दाबाला सेकंदाला १० लिटर हवा वाहिली तर १० वॉट. लहान ब्लोअरची कार्यक्षमता बेताची असते, त्यामुळे बॅटरीतून त्याच्या अडीच-तीन पट जातात. आपण २० ते ३० वॉटचा, १४.४ व्होल्टवर चालणारा ब्रशलेस ब्लोअर धरू. रोबो व्हॅक्यूमचे सुटे भाग म्हणून तो तयार मिळतो. स्वतः पंखा घडवायच्या भानगडीत पडू नका.

सेकंदाला १० लिटर धरून वेग काढा. मळक्या वाटेचं तोंड ६ सेंटिमीटर रुंद आणि अडीच उंच, म्हणजे १५ चौरस सेंटिमीटर. तिथे वेग पडतो सेकंदाला ६.७ मीटर. टरफलं आणि खडे ब्रशच्या फटक्याने आणि या वेगाने आत जातात. डब्यात शिरल्यावर हवेला २४ सेंटिमीटर रुंद आणि साडेसहा उंच जागा मिळते. तिथे वेग उतरतो ०.७ मीटरच्या खाली, आणि जड केर आपोआप तळाला बसतो. मोठ्या डब्याचा हा न सांगितला जाणारा फायदा आहे: तो नुसता जास्त साठवत नाही, फिल्टरचं कामही हलकं करतो.

डब्याला शिरायची जागा डाव्या टोकाला ठेवा आणि फिल्टर उजव्या टोकाला, पुढच्या भिंतीवर. समोरासमोर ठेवले तर हवा सरळ आडवी निघून जाते, मऊ केर फिल्टरसमोर ढीग करतो, आणि उरलेला डबा रिकामा असतानाच ओढ मरते. डावीकडून उजवीकडे जायला लावलं की केर उजव्या टोकापासून मागे मागे भरत येतो. केस आणि पुंजके हवेच्या दाबाने थोडे दाबलेही जातात. सहाशे मिलिलिटरच्या डब्यात सहाशेच्या जवळ केर मावणं आणि तीनशेवरच यंत्र हताश होणं, यातला फरक या एका निर्णयाचा असतो. प्रवेशाचं भोक तळापासून वर, निम्म्या उंचीच्या पुढे ठेवा आणि त्यावर पातळ सिलिकॉनची झडप लावा. ओढ चालू असताना उघडते, बंद झाली की पडते. झडप नसेल तर डबा काढताना पहिला मूठभर केर फरशीवर परत येतो.

फिल्टरमध्ये कंजुषी नको. १२ बाय ४ सेंटिमीटरचं सपाट कापड लावलं तर ४८ चौरस सेंटिमीटर. त्यातून हवा सेकंदाला २ मीटरने घुसते आणि दोन दिवसांत ते बुजतं. तेवढ्याच चौकटीत घड्या घातलेला फिल्टर घेतला की क्षेत्रफळ पाचपट होतं, वेग ०.४ मीटरवर येतो. त्याच्या अलीकडे स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी हवीच. केस जाळीवर थांबतात, घड्यांमध्ये शिरत नाहीत, आणि जाळी बोटाने पुसून साफ होते. ज्या घरात रोज रांगोळी घातली जाते तिथे फिल्टर दोन ठेवा, आलटून पालटून वापरायला. (रांगोळीवरून रोबो गेला तर फिल्टरचं दुःख दुय्यम ठरतं, ती जागा नकाशातून वगळायची सोय करा.)

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गळती. डबा काढता-घालता यायला हवा म्हणजे दोन जोड आले, एक ब्रशकडे आणि एक ब्लोअरकडे. तोंडच मुळात १५ चौरस सेंटिमीटरचं; जोडाच्या चारी बाजूंनी मिळून एक चौरस सेंटिमीटरची फट राहिली तरी ओढ जाणवण्याइतकी पडते. ब्लोअरकडचा जोड जास्त नाजूक, कारण दाबाचा फरक तिथे सर्वाधिक असतो. बंद छिद्रांच्या फोमची पट्टी लावा आणि डबा शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये ती दाबेल अशी तिरकी खाच ठेवा. तपासायला उदबत्ती पुरते: ब्लोअर चालू करून धूर जोडाभोवती फिरवा, जिथे आत खेचला जाईल तिथे गळती.

बाहेर पडणारी हवा जमिनीकडे सोडू नका. यंत्र पोचण्याआधीच पुढची धूळ उडून कपाटाखाली जाते. तिरकी वर सोडा.

पायरी ६: बाकीचं यंत्र

यात नवं काही नाही, म्हणून भरभर. चाकं ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाची, स्प्रिंगवर लोंबती. दोन सेंटिमीटरचा उंबरठा चढायला ती लागतात. चाकांचे संच मोटरसकट सुटे भाग म्हणून मिळतात, तेच घ्या. चार सेलच्या पॅकमध्ये २६०० मिलिअँपिअर-तासाचे सेल असले तर ३७ वॉट-तास होतात. ब्लोअरला २०, ब्रशला ८, चाकांना ५, बोर्डाला ३ वॉट धरले तर मिळून ३६. पूर्ण निचोडायचं नाही म्हणून पाऊण तास-पन्नास मिनिटं धरा. एवढ्यात दोन खोल्या आणि हॉल होतो. सुटे सेल जोडून पॅक करू नका. संरक्षक सर्किट असलेला, आयएस १६०४६ या भारतीय मानकाचं प्रमाणन असलेला तयार पॅक घ्या. लिथियमच्या बाबतीत हौस नको.

पडण्यापासून वाचवणारे इन्फ्रारेड सेन्सर काळ्या ग्रॅनाइटवर फसतात. त्यांना ती खोल दरी वाटते. घरात काळी फरशी असेल तर सेन्सरची मर्यादा तिथेच बसून जुळवा. मेंदूसाठी सुरुवातीला ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर पुरे. धडक, वळ, पुढे चल, एवढाच प्रोग्रॅम. २००२ साली आलेला पहिला रूम्बा नकाशा न काढताच घर झाडत होता आणि लोकांनी तो घेतला. लिडार आणि रॉस २ (रोबोंसाठीची सॉफ्टवेअर चौकट) नंतर जोडता येतील. लिडारची टोपी दोनेक सेंटिमीटर उंची वाढवते हे विसरून चालणार नाही.

पायरी ७: डबा छापणं

पीएलए हे थ्रीडी छपाईचं नेहमीचं प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात खिडकीत ठेवलेला डबा वाकडा होतो आणि मग सील बसत नाही. त्याऐवजी जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी वापरा, भिंत १.६ ते २ मिलिमीटर. आतले सगळे कोपरे गोल, किमान ८ मिलिमीटर त्रिज्येचे. काटकोनात धूळ दगडासारखी बसते, पावसाळ्यात तर हमखास. छपाईच्या थरांच्या रेषा हवेच्या दिशेला समांतर येतील असा डबा प्रिंटरच्या छपाईच्या पाटावर (बेडवर) ठेवा, आणि आतून पॉलिश पेपरने घासा. खरखरीत भिंतीवर केस चिकटून राहतात आणि डबा उलटा केला तरी पडत नाहीत.

झाकण मोठं ठेवा. डब्याचा सगळा वरचा भाग उघडला पाहिजे. एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने झाकण सोडून, कचऱ्याच्या बादलीवर उलटा केला की एका झटक्यात रिकामा, नाकात धूळ न जाता. पहिल्या छपाईत झाकण पारदर्शक ॲक्रिलिकचं करा. आत हवा कशी फिरते, केर कुठे साठतो, ते बघायला मिळालं नाही तर पुढची पायरी अंदाजपंचे होईल.

पायरी ८: चाचणी

उपकरणं स्वस्त आहेत. पारदर्शक पाइप यू आकारात वाकवून त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक ब्रशच्या तोंडाशी बसवलेल्या झाकणातून आत, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पातळीत एक सेंटिमीटर फरक म्हणजे ९८ पास्कल. दहा सेंटिमीटर म्हणजे हजाराच्या जवळ. हा आकडा रिकाम्या डब्याचा, तो लिहून ठेवा. पण तोंड बंद असताना हवा वाहत नाही, त्यामुळे फिल्टर बुजला तरी हा आकडा फारसा हलत नाही. त्यातून गळती कळते. फिल्टरची अवस्था बघायची तर त्याच झाकणाला दोन सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडून, हवा वाहू देऊन पुन्हा मोजा. दोन्ही आकडे हवेत.

मग मिश्रण भरवा: चाळलेली वाळू, पीठ, कापलेले केस, पिंजलेला कापूस, थोडे तांदूळ. प्रमाण पहिल्या पायरीतल्या बरणीवरून ठरवा. फरशीवर एक मीटर चौकोनात पसरा, यंत्र फिरवा, डब्याचं वजन करा, भोकाच्या झाकणाने दाब मोजा, पुन्हा पसरा. रिकाम्या डब्याच्या निम्म्यावर दाब आला की थांबा आणि तोवर किती मिलिलिटर केर मावला ते बघा. तुमच्या डब्याची खरी क्षमता ती. खोक्यावर छापायची क्षमता वेगळी असते. घरगुती झाडणाऱ्या रोबोंच्या मोजमापासाठी आयईसी ६२८८५-७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते तसंच्या तसं घरी करता येणार नाही, पण दर वेळी तीच फरशी, तेच मिश्रण, तेवढेच फेरे, एवढी शिस्त पाळली तरी दोन डब्यांची तुलना खरी होते.

डबा भरल्याचा इशाराही इथेच जमवा. बहुतेकांना वाटतं, फिल्टर बुजला की ब्लोअरवर ताण येऊन विजेचा प्रवाह वाढेल. होतं उलटं. हवा कमी वाहिली की या प्रकारच्या पंख्याला ढकलायला काम कमी उरतं, प्रवाह घटतो आणि फेरे वाढतात. घरच्या मोठ्या व्हॅक्यूमचं तोंड हाताने बंद केलं की त्याचा आवाज चढतो तो याचमुळे. म्हणजे वेगळा सेन्सर नको. बोर्डावर ब्लोअरचा प्रवाह मोजत राहा, रिकाम्या डब्याच्या तुलनेत ठरावीक टक्के खाली गेला की दिवा लावा. ती मर्यादा चाचणीतल्या निम्म्या दाबाच्या क्षणी वाचून घ्या. बॅटरी उतरतानाही प्रवाह कमी होतो, म्हणून व्होल्टेजचा हिशोब सोबत धरा, नाहीतर दर फेरीच्या शेवटी खोटा दिवा लागेल.

पहिला डबा बरोबर येणार नाही हे गृहीत धरून, यंत्राकडची चौकट पक्की करून टाका: दोन सीलच्या जागा, सरकखाच, कडी. एवढी मापं गोठवली की डब्याचं आतलं पोट हवं तितक्या वेळा बदलून छापता येतं. प्रवेशाचं भोक दहा मिलिमीटर वर सरकवून बघा, मध्ये अर्ध्या उंचीचा पडदा घालून बघा, जाळी तिरकी लावून बघा. एका वेळी एकच बदल, आणि डब्याच्या तळाला छपाईतच क्रमांक टाका. चार डबे टेबलावर आले की कुठला कुठला ते कुणालाच आठवत नाही.